जावईबापूंचा मंगळवार

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे. चौकातल्या चबुतऱ्यावरचा नव्हे. माझ्या गळ्यात कोणी हार घालत नाही. मी रबराचा आहे, तोही कमरेपासून वरचाच, आणि एका मोठ्या रुग्णालयाच्या सरावखोलीत माझं बहुतेक आयुष्य गेलं. एखाद्या माणसाचं हृदय अचानक बंद पडलं, तर त्याची छाती कशी दाबायची, त्याच्या तोंडातून श्वास कसा भरायचा, हे शिकणाऱ्यांनी माझ्यावर शिकायचं असतं. मरून पडणं हाच माझा धंदा.

आपली कहाणी सांगणाऱ्या जुन्या वस्तू सहसा गोड बोलतात. झालं गेलं विसरतात आणि शेवटी चार उपदेशाचे शब्द सांगून गप्प बसतात. मला ते जमणार नाही. मी रागावलेलो आहे. राग गिळून सांगायचं म्हटलं, तर सांगण्यासारखं काही उरतच नाही.

माझा जन्म कारखान्यातला. गरम रबर साच्यात ओतून माझा चेहरा काढला. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं. छातीत एक जाड स्प्रिंग बसवली. छाती हवी तेवढी खोल दाबली गेली, की आतून ‘टक’ असा आवाज यायचा. कमी दाबली, तर काहीच नाही. मला कोणाची मर्जी राखता येत नाही. कारखान्यातल्या तपासनीस बाईंनी मला दाबून पाहिलं, आवाज ऐकला, गालावर एक चापट मारली आणि खोक्यात भरलं. मला वाटलं, आता मी लोकांच्या उपयोगी पडणार.

कसला उपयोग! पहिली काही वर्षं मी कपाटातच होतो. वर्षातून एकदा बाहेरून एक तज्ज्ञ यायचे. खोलीत खुर्च्यांच्या रांगा लागायच्या. मला टेबलावर आडवं करून तज्ज्ञ हातातल्या काठीने माझी छाती दाखवायचे आणि पडद्यावरची चित्रं पुढे सरकवत बोलत राहायचे. समोर रात्रपाळी करून आलेल्या परिचारिका डोळे ताणून बसलेल्या असायच्या. शेवटी एकदोघींना पुढे बोलावून माझ्यावर दोनदा दाबायला लावत. आवाज येवो न येवो, टाळ्या वाजत. मग चहा, प्रमाणपत्र, आणि मी पुन्हा कपाटात. शिकलं कोणी काय, हे विचारायची पद्धत नव्हती.

हे बदललं ते थोरल्या सिस्टरमुळे. पुरुषांच्या वॉर्डात त्या सगळ्यांत जुन्या, म्हणून सगळे त्यांना थोरल्या म्हणत. बांधा ठेंगणा, आवाज खणखणीत, आणि चप्पल अशी वाजायची की त्या येण्याआधीच त्यांची चाहूल वॉर्डभर पोहोचे. एके दुपारी त्यांच्या वॉर्डात एका रुग्णाचं हृदय बंद पडलं. थोरल्या आणि नुकतीच नोकरीला लागलेली एक मुलगी, दोघी एकदमच धावल्या आणि एकमेकींच्या आड आल्या. कोणी छाती दाबायची, कोणी श्वास द्यायचा, ते ठरेपर्यंत वेळ गेला. तो माणूस वाचला, पण थोडक्यात.

दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर थोरल्या त्या मुलीला घेऊन सरावखोलीत आल्या. त्यांनी मला स्वतः कपाटातून ओढून काढलं आणि जमिनीवर ठेवलं. मुलीला वाटलं, आता आपली खरडपट्टी निघणार. ती भिंतीला टेकून उभी राहिली. पण थोरल्या माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसल्या आणि म्हणाल्या, “मी दाबते. माझं कुठं चुकतंय ते तू बघ.”

त्यांनी दाबलं. आवाज आला नाही. पुन्हा दाबलं. नाहीच. इतकी वर्षं नोकरी केलेल्या बाई, आणि माझी छाती गप्प! मुलगी घाबरत घाबरत म्हणाली, की ताई, तुमची कोपरं वाकतात, जोर दंडातच राहतो. थोरल्यांनी कोपरं ताठ केली. टक. मग मुलीची पाळी. तिचा आवाज येत होता, पण ती घाईघाईने दाबत होती, छाती पुरती वर येऊच देत नव्हती. ते थोरल्यांच्या ध्यानात आलं. तासभर दोघी माझ्या उरावर बसून एकमेकींना शिकवत होत्या. निघताना थोरल्या म्हणाल्या, की पुढच्या मंगळवारी परत बसू. त्या दिवसापासून ती मुलगी ‘धाकटी’ झाली.

मंगळवार वाढत गेला. धाकटीने मुलांच्या वॉर्डातली मैत्रीण आणली. अपघात विभागातले दाढीवाले ब्रदर, म्हणजे पुरुष परिचारक, आले. शस्त्रक्रिया वॉर्डातल्या चष्मेवाल्या सिस्टर आल्या. कधी एखादे तरुण डॉक्टर डबा घेऊन यायचे आणि भिंतीशी मांडी घालून बसायचे. खुर्च्या कोणी मांडल्याच नाहीत. मला मध्ये ठेवून सगळे गोल बसत. मी दिवसभर पडून असतो आणि सगळे माझ्या पुढेपुढे करतात, म्हणून ब्रदरनी माझं नाव ‘जावईबापू’ ठेवलं. “जावईबापूंना उशी द्या,” “जावईबापूंचा पारा आज चढलाय, आवाज देत नाहीत,” असं चालायचं. मित्रांनो, थट्टा होती, पण माझ्या रबराला ती फार मानवली.

हळूहळू हाताच्या सरावाबरोबर तोंडही उघडू लागलं. ज्याचं त्या आठवड्यात काही फसलं असेल, त्याने ते सांगायचं, आणि बाकीच्यांनी ‘असं कसं केलंस’ न म्हणता ‘मी असं करते’ म्हणायचं, हा नियम थोरल्यांनी घातला. दुसरा नियम, इथलं बोलणं दाराबाहेर कोणाच्या नावासकट जाणार नाही. काय शिकलो ते न्यायचं, कोण चुकलं ते इथेच ठेवायचं.

एकदा मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टरने सांगितलं, की तिने सुईत भलतंच औषध भरलं होतं. टोचणार तेवढ्यात लक्षात आलं. दोन औषधांच्या बाटल्या सारख्याच दिसतात आणि एकाच खणात असतात. ती सांगताना पदराशी चाळा करावा तसा माझ्या सदऱ्याच्या रिकाम्या बाहीशी चाळा करत होती. मग चष्मेवाल्या म्हणाल्या, “माझंही झालंय.” ब्रदर म्हणाले, त्यांचंही. प्रत्येकाला वाटत होतं, की वेंधळेपणा आपलाच. त्याच आठवड्यात सगळ्या वॉर्डांत त्या दोन बाटल्यांचे खण वेगळे झाले. कोणी आदेश काढला नाही, कोणी भाषण केलं नाही. माझ्याभोवती बसलेली माणसं उठून गेली आणि त्यांनी खण बदलले. त्यामुळे किती मुलांच्या अंगात भलतं औषध जायचं टळलं, हे त्या मुलांच्या आयांना कधी कळणारही नाही.

ते माझे सुखाचे दिवस. माझे गाल झिजले, कपाळाला भेग पडली, सदरा दोनदा बदलावा लागला. पण मी कामाला आलो होतो.

मग कौतुक सुरू झालं, आणि तिथेच घात झाला.

रुग्णालयात एक नवे गुणवत्ता अधिकारी आले. माणूस सभ्य. आवाज कधी चढवायचे नाहीत, शिपायालाही ‘अहो’ म्हणायचे. मंगळवारची बातमी त्यांच्या कानावर गेली तेव्हा ते स्वतः खोलीत आले, सगळ्यांशी हसून बोलले, बंद पडलेला पंखा दुरुस्त करून दिला. असा उपक्रम दुसरीकडे कुठे नाही, म्हणाले. माझ्यासोबत सगळ्यांचा फोटो काढला आणि तो दर्शनी भागात लावला. पुढच्या मंगळवारी खुर्च्या आल्या. त्याच्या पुढच्या मंगळवारी हजेरी आली. मग साहेब स्वतः कोपऱ्यातल्या खुर्चीवर मांडीवर वही घेऊन बसू लागले. मला फक्त ऐकायचंय, तुम्ही नेहमीसारखं चालू द्या, असं म्हणायचे.

थोरल्यांनी त्यांना बाजूला घेऊन दुसरा नियम समजावून सांगितला. साहेबांनी मान डोलावली. मी ती मान पाहिली आहे, मित्रांनो. ती डोलली होती.

त्यानंतरच्या एका मंगळवारी धाकटी बोलली. एका रुग्णाला ती तपासणीसाठी दुसऱ्या इमारतीत नेत होती. स्ट्रेचरवर ऑक्सिजनचं लहान सिलिंडर होतं. निघताना तिने काटा पाहिला, तो अर्ध्यावर होता. वाटेतच रुग्णाचे ओठ निळे पडू लागले. सिलिंडर रिकामं! काटा मात्र तसाच अर्ध्यावर. तिने आरडाओरडा करून दुसरं सिलिंडर मागवलं, ते जोडलं, आणि रुग्ण सावरला. ब्रदर पुढे सरसावले. काटा अडकतो की काय, कुठल्या सिलिंडरचा, तसे आणखी किती आहेत, असं काहीतरी ते विचारणार होते. पण त्यांच्या आधी कोपऱ्यातून शांत आवाज आला.

“तारीख कोणती होती, सिस्टर?”

मी रबराचा आहे, तरी माझ्या अंगावर काटा आला. धाकटीने तारीख सांगितली. न सांगून कुठे जाते? साहेबांनी लिहून घेतली. पाळी कोणती, रुग्ण कोण, वरिष्ठांना कळवलं होतं का, तेही विचारलं. मग ते म्हणाले, की हा विषय आता चौकशीत गेला, त्यामुळे कोणी यावर चर्चा करू नये. झालं. सगळ्यांच्या नजरा धाकटीकडे वळल्या, त्या काट्याकडे कोणी पाहिलंच नाही.

चौकशीत ‘हलगर्जीपणा’ असा निकाल लागला. धाकटीची पगारवाढ रोखली, आणि तिला वॉर्डातून काढून नोंदणीच्या खिडकीवर बसवलं. ती तिथे महिनाभरही टिकली नाही. एके संध्याकाळी सरावखोलीत आली, कोणी नाही असं पाहून माझ्याशेजारी बसली, माझा सदरा नीट केला आणि निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून ती रुग्णालयात नव्हती. थोरल्या सिस्टर साहेबांच्या दालनात जाऊन भांडून आल्या होत्या. काटा तपासा, असं त्यांनी तीनतीनदा सांगितलं. साहेब म्हणाले, की काट्यावर ढकललं की प्रत्येकाची सुटका होते, मग शिस्त कशी राहणार?

पुढच्या मंगळवारी साहेबांनी विचारलं, या आठवड्यात कोणाला काही सांगायचंय का. कोणालाच काही सांगायचं नव्हतं. त्याच्या पुढच्या मंगळवारीही सगळं छान होतं. माणसं खुर्च्यांवर नीट बसत, एकेकजण पुढे येऊन माझी छाती दाबत, माझा आवाज येई, हजेरी लागे. महिन्याच्या शेवटी साहेबांनी आनंदाने सांगितलं, की या महिन्यात एकही चूक नोंदली गेलेली नाही. टाळ्याही वाजल्या. मला तेव्हा हात असते ना, तर मी कानावर ठेवले असते.

मित्रांनो, आता जे सांगतो ते माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं नाही. पण जे तिथे होते, त्यांच्याच तोंडून मी ते ऐकलं आहे.

एक शिंपी होते. हर्नियाच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी आले होते. बायको बरोबर होती. शस्त्रक्रिया चांगली झाली. त्यांना वॉर्डात नेताना सिस्टरने वाटेसाठी कोपऱ्यातलं एक सिलिंडर घेतलं. काटा पाहिला. अर्ध्याच्या वर होता. भुलीचा अंमल पुरता उतरला नव्हता, श्वास उथळ होता, आणि वॉर्डापर्यंतचा बोळ लांब. सिलिंडर रिकामं होतं. लक्षात येईपर्यंत शिंप्यांचं हृदय थांबलं. त्या सिस्टरने तिथेच बोळात त्यांची छाती दाबायला सुरुवात केली. कोपरं ताठ ठेवून, छाती पुरती वर येऊ देऊन, अगदी माझ्यावर शिकली होती तशी. शिंपी जगले. पण मेंदूला तेवढा वेळ प्राणवायू मिळाला नाही. आता त्यांचा उजवा हात थरथरतो आणि शब्द तोंडातच अडखळतात. त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही. त्यांच्या बायकोने वॉर्डात विचारलं म्हणे, की हर्निया पोटात होता ना, मग हाताला काय झालं?

त्यानंतर साहेबांनी तातडीची बैठक बोलावली. ती याच खोलीत झाली. मी टेबलावर होतो. साहेबांचा चेहरा उतरला होता, हे मी नाकारणार नाही. ते म्हणाले, की अशी घटना पुन्हा होऊ नये म्हणून बाहेरच्या तज्ज्ञांचं व्याख्यान ठेवलं आहे आणि ते सर्वांना सक्तीचं आहे.

तेवढ्यात चष्मेवाल्या सिस्टर उठल्या. शिंप्यांना नेलं त्या दिवशी त्या सुट्टीवर होत्या, त्यांच्यावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. गप्प राहिल्या असत्या तर कोणाला काही कळलंही नसतं. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

“त्या सिलिंडरचा काटा अडकतो, हे मला माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “आधीच्या आठवड्यात माझ्याच हातात अडकला होता. मी ते बाजूला कोपऱ्यात ठेवलं.”

साहेबांनी विचारलं, “मग सांगितलं का नाही?”

“कोणाला सांगायचं होतं, साहेब? तुम्हाला?”

त्या ओरडल्या नाहीत. म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. कोपऱ्यातलं सिलिंडर दुसऱ्या कोणी उचललं, यात त्यांचा दोष होताच, आणि त्या तो पदरात घ्यायला तयार होत्या. पण धाकटीचं काय झालं हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेले सासरे होते, शिकणाऱ्या दोन मुली होत्या. म्हणून त्यांनी तोंड शिवून घेतलं. मग ब्रदर उठले आणि म्हणाले, अपघात विभागातल्या एका सिलिंडरचंही तसंच होतं. त्यांनीही गुपचूप बदलून घेतलं होतं.

थोरल्या शेवटी बोलल्या. “साहेब, ती मुलगी चूक सांगत नव्हती. ती आपल्याला वाचवत होती. आपण तिलाच घालवलं.”

साहेबांनी वही मिटली. त्यांनी माफी मागितली असती, तर माझा राग थोडा तरी निवला असता. ते उठून दाराशी गेले, थांबले, काहीतरी सांगावंसं वाटतंय असं क्षणभर दिसलं, आणि निघून गेले.

सगळ्या सिलिंडरचे काटे बदलले गेले. एका दिवसात बदलले. एका दिवसाचं काम होतं ते, मित्रांनो! धाकटीवरचा ठपका मात्र कागदावर तसाच राहिला. चष्मेवाल्यांना ताकीद मिळाली. सक्तीचं व्याख्यान झालं, काठी आली, पडदा आला, टाळ्या झाल्या. आणि सरावाचं साहित्य परवानगीशिवाय वापरायचं नाही, असा नियम निघाला. म्हणजे मी. मला पुसलं, नवा सदरा घातला आणि कपाटात बंद केलं. किल्ली साहेबांच्या दालनात गेली. आता पाहुणे आले की मला बाहेर काढतात, फोटो काढतात आणि परत ठेवतात.

पण मंगळवार मेला नाही. थोरल्यांनी तो धुलाईघरात नेला. माझ्या कपाटामागची भिंत धुलाईघराचीच आहे, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. तिथे खुर्च्या नाहीत. ते चादरींच्या गठ्ठ्यांवर बसतात आणि गुंडाळलेल्या गादीवर छाती दाबण्याचा सराव करतात. पहिल्या दिवशी फारसं कोणी आलं नव्हतं. थोरल्याच बोलल्या, आपलं त्या आठवड्यात काय चुकलं ते सांगितलं आणि वाट पाहिली. मग चष्मेवाल्या बोलल्या. अलीकडे तिथे धाकटीचाही आवाज येतो. ती आता दुसऱ्या रुग्णालयात आहे, पण सुट्टीच्या दिवशी बस पकडून येते आणि तिकडे काय शिकली ते सांगते. शिंप्यांचं नाव तिथे अधूनमधून निघतं. नाव निघालं की सगळे पुन्हा सरावाला लागतात.

आता रिवाजाप्रमाणे मी म्हणायला हवं, की मुलांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या. मी तसं म्हणणार नाही. माझं रबर तडकलंय, ते तडकू द्या. कारखान्यात माझ्यासारखे ढिगाने तयार होतात. काळजी घ्यायची असेल, तर तुमच्या वर्गात, खेळाच्या मैदानावर, उद्या तुमच्या कचेरीत जो उठून म्हणेल, ‘माझं इथे चुकलं,’ त्याची घ्या. त्याला हसू नका. पळत जाऊन मोठ्यांना त्याचं नाव सांगू नका. आणि तुम्ही स्वतः मोठे झालात, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायची वेळ तुमच्यावर आली, तर कृपा करून तारीख विचारू नका. खाली बसा आणि विचारा, “पुढे काय झालं?” एवढं ज्याला जमणार नाही, त्याने माझ्या छातीला हातसुद्धा लावू नये.